समुद्राकडची भिंत

प्रिय धाकल्या,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले. पोस्टमननं ते नेहमीप्रमाणे हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाला, "या वेळी जाड आहे, काहीतरी विशेष दिसतंय." मी म्हटलं, तुमचं काम पोचवायचं, तोलायचं नाही. पण विशेष होतंच. चार पानं भरून तू लिहिलं होतंस आणि शेवटी एकच ओळ होती : आईला विचार, मी येऊ का? एकतीस वर्षांत तू हे पहिल्यांदा विचारलंस. आणि मी, जिच्या तोंडाला लागायला मासळीबाजारातल्या बायकाही कचरतात, ती सहा आठवडे मूग गिळून बसले.

सगळ्यात वाईट बातमी आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताच येणार नाही. आई गेली. मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, भरती नुकती लागत होती. आज तेरा दिवस झाले. शेवटी त्रास फारसा झाला नाही, श्वास लहान लहान होत गेला आणि मग थांबला. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, हे मला कुणी सांगायला नको. तुझ्या पंपाच्या दुकानाचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो दोनदा फिरवला. दुसऱ्या वेळी तू स्वतःच उचललास, "कोण बोलतंय?" असं तीनदा विचारलंस आणि मग कंटाळून ठेवलास. ती मीच होते. तुझा आवाज अगदी बाबांसारखा झालाय रे. तो ऐकला आणि मी नुसती ऐकतच राहिले. तुला राग येईल, येऊ दे. फक्त हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

तू आईला विचार म्हणालास आणि मी तिला विचारलं नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. तुझं पत्र आलं तेव्हा ती चांगली शुद्धीत होती, मी वाचून दाखवलेलं सगळं तिला कळत होतं. तुझी पहिली साडेतीन पानं मी तिला वाचून दाखवली. लेकीची परीक्षा, तुझ्या बायकोची पाठदुखी, दुकानात आलेला तो माणूस ज्यानं पंप उलटा बसवला होता, त्यावर ती हसलीसुद्धा. शेवटचं अर्धं पान आणि ती ओळ मी वाचली नाही. घडी घालून पत्र सुयांच्या डब्यात ठेवलं. का, ते सांगणार आहे. पण आधी मला थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. पाण्यात एकदम उडी मारायला मला कधी जमलंच नाही, तूच मागून ढकलायचास.

इथं बरंच बदललंय. नदीवर पूल झाला, तेव्हापासून माणसांना पलीकडे नेणारी तर बंद पडली. तरीवाला अजून रोज सकाळी धक्क्यावर येऊन बसतो आणि पुलावरून जाणाऱ्यांना नावं ठेवतो. लिलावाच्या शेडला सिमेंटची जमीन झाली, त्यामुळे पाय घसरून पडणाऱ्यांची संख्या वाढली. बर्फाचा कारखाना आहे, पण त्याची अर्धीच यंत्रं चालतात. पहाटे बर्फ फोडण्याचा तो आवाज, ज्याच्यावर आपण उठायचो, तो आता हलका झालाय, आणि मीच आता त्याच्या आधी उठते. जाळी दुरुस्त करणाऱ्या आम्ही सोळा जणी होतो, पाच उरलो. बाकीची जाळी मशीनची येतात, फाटली की फेकतात. मी मात्र अजून ओट्यावर पाय पसरून, अंगठ्यात जाळं अडकवून बसलेली असते. गुडघे कुरकुरतात, पण बोटं चालतात. नदी तेवढी आहे तशीच आहे. पावसाळ्यात गढूळ, मग महिनाभर पिवळट, आणि हिवाळ्यात इतकी हिरवी की धक्क्याच्या पायऱ्या तळापर्यंत दिसतात. संध्याकाळी बोटी परत येतात तेव्हा डिझेलचा आणि मासळीचा तो वास अजून घरात शिरतो. तू म्हणायचास, हा वास आला की भूक लागते. मला अजूनही लागते.

आणि बोटींवर आता एक डबा असतो. त्याच्या काचेवर रस्ता दिसतो, खाली पाणी किती आहे तेही दिसतं. धाकट्या काकांच्या नातवानं मला एकदा दाखवलं. हिरव्या रेषा असतात, तळ वर आला की तो डबा ओरडतो. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. नातवाला वाटलं आत्याला कौतुक वाटतंय.

म्हणजे आता नदीच्या तोंडाशी कुणी पाणी मोजायला जात नाही. बांबू घेऊन, होडीच्या टोकावर उभं राहून, इथं दोन वाव, इथं दीड वाव असं ओरडत जाणारं आता कुणी नाही. खुणेच्या काठ्याही कुणी वाळूत रोवत नाही. तुझ्या लेकीला यातलं काही सांगितलंस का कधी? तू तिला पोहायला शिकू दिलं नाहीस, एवढं मला माहीत आहे, ती शाळेच्या सहलीला तलावावर गेली तर तू दिवसभर दुकानात काम केलं नाहीस हेही तूच लिहिलं होतंस. तेव्हा तिला हे सांगितलं नसशीलच. कधी सांगावंसं वाटलं तर सांग, की वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं माप, की तिच्या आजोबांच्या गावात नदीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे, ती दर पुरानंतर जागा बदलते, आणि तिच्यातून बोट जाण्याइतकी खोल वाट एकच असते. ती वाट दरवर्षी नव्यानं शोधावी लागायची. आणि शोधली की समुद्रावरून ती ओळखायची कशी, हे ठरवावं लागायचं. पुढे बर्फाच्या कारखान्याची टाकी, मागे टेकाडावर आपली पांढरी भिंत. दोन्ही एकापाठोपाठ एका रेषेत आल्या की नाक सरळ ठेवायचं आणि आत यायचं. कधी टाकीऐवजी कारखान्याची चिमणी धरायची, कधी धक्क्याचं टोक. पुढची खूण बदलायची. मागची खूण कायम आपली भिंत.

आपल्या घराची समुद्राकडची भिंत म्हणजे आपली नव्हतीच. ती सगळ्या बोटींची होती. घराच्या बाकीच्या तीन भिंतींचे पोपडे पडले तरी आईला फिकीर नसायची, पण पावसाळा सरला की पहिला चुना त्या भिंतीला. आणि त्या भिंतीवर काही वाळत घालायचं नाही. तुला आठवतं, तू सहा-सात वर्षांचा असताना तिथल्या खिळ्याला तुझी निळी चड्डी लटकवलीस आणि बाबांनी तुला कान धरून धक्क्यापर्यंत नेलं होतं? बोटीवरच्या प्रत्येक माणसाला विचारायला लावलं होतं, काका, माझ्या चड्डीमुळे तुम्ही वाट चुकलात का? सगळे पोट धरून हसले. मी तर सगळ्यात जास्त हसले. तो नियम मला तुझ्यापेक्षा चार वर्षं आधीपासून पाठ होता.

मग ते वर्ष. तू बावीसचा, मी सव्वीसची. पूर मोठा आला होता आणि वाळू कुठल्या कुठे सरकली होती. बाबा म्हणाले, "या वेळी पाणी धाकल्या मोजेल." धक्क्यावर कुजबुज झाली, पोरगं लहान आहे म्हणून. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. तू अकरा दिवस मोजलंस. भरतीला मोजलंस, ओहोटीला मोजलंस, रात्री कागदावर आकडे मांडत बसायचास आणि मी दिवा मालव म्हणून ओरडायची. शेवटी तू धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगितलंस, टाकी आणि भिंत. बाबांनी त्यांची बिडी तुझ्यापुढे केली. त्यांच्यासमोर तू बिडी ओढायचं धाडस केलं नाहीस, कानामागे ठेवलीस आणि दोन दिवस तशीच मिरवलीस.

त्यानंतर आठवडाभर सगळ्या बोटी त्या रेषेवरून आल्या-गेल्या. मग बाबांची बोट. बुधवारी गेलेली मंडळी शनिवारी यायची होती, ती शुक्रवारी पहाटेच परतली, कारण मासळी इतकी मिळाली की ठेवायला जागा उरली नाही. काठोकाठ भरलेली बोट, पहाटेचं धुकं, आणि बोट वाळूवर बसली. मागून लाट आली आणि तिनं तिला आडवं केलं. धाकटे काका आणि इंजिनवाला पोहत आले. बाबा आले नाहीत. बोट लाटांनी इतकी लांब फरफटत नेली की नेमकी कुठं बसली होती हे कुणाला सांगता येईना. धाकटे काका धक्क्यावर ओले, कुडकुडत उभे होते आणि एकच सांगत होते : टाकीवर भिंत बरोबर धरली होती, सुकाणूवर दादाच होता, "ती बघा आपली भिंत, पोचलोच," असं म्हणाला आणि पुढच्याच क्षणी खालून धक्का बसला.

यावर गावानं काय विचार केला हे तुला ठाऊक आहे. भिंत काही चालत जात नाही, टाकीही नाही. मग चुकला तो मोजणारा. हलक्या बोटी निभावून गेल्या, भरलेली बोट बसली, म्हणजे पोरानं मोजलं तेवढं पाणी तिथं नव्हतंच. तू बांबू घेऊन परत गेलास. तीन दिवस, पोटात अन्न नसताना, मोजत राहिलास. तिसऱ्या संध्याकाळी परसात हात धुताना मला म्हणालास, "बरोबर होतं गं ताई. पावणेदोन वाव पाणी आहे तिथं. भरलेली बोट आरामात जाते." इतर कुणाला सांगायला गेलास तर ते म्हणाले, बोट आडवी पडली तेव्हा वाळू उकरली गेली असेल. मला मात्र तू सांगितलंस कारण तुला वाटलं, ताई ऐकेल. मी काय म्हटलं ते तू विसरला असशील. मी म्हटलं, "जाऊ दे आता." एवढंच. तू माझ्याकडे पाहिलंस, हात पुसलेस, आणि नवव्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलास.

आईनं तुला थांबवलं नाही म्हणून तू तिच्याबद्दल जे काही मनात धरलं असशील ते सोडून दे. तिला थांबवायचं होतं. ती दारापर्यंत आली आणि तिथं तिचे पाय अडले. नंतर वर्षानुवर्षं ती मला पत्र लिहायला सांगायची तेव्हा तेच. "लिही, सगळे बरे आहेत. लिही, भिंतीला चुना दिला." त्यापुढे तिला शब्द सापडायचा नाही आणि मी सुचवायची नाही. लग्नाचं म्हणशील तर मला दोन स्थळं सांगून आली होती, हे तुला कुणीतरी कळवलं होतं आणि तू चिडून लिहिलं होतंस की माझ्या पापाची शिक्षा तू भोगू नकोस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. तुझ्या पापाची शिक्षा.

आणि आता या पत्रात तू लिहिलंस : "ताई, इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की माझी मोजणी बरोबर होती. आता पन्नाशी उलटली, आता खोटं बोलून काय मिळवायचं? मीच चुकलो असणार. भरतीचा हिशेब चुकला असेल, नाहीतर बांबू गाळात रुतला असेल आणि मला कळलं नसेल. बाबांना मी मारलं, हे आईसमोर एकदा कबूल करतो आणि मग तिनं मला दारात उभं करायचं की नाही ते तिनं ठरवावं." हे वाचलं आणि माझ्या हातातून पानं खाली पडली. आई म्हणाली, काय गं, काय पडलं? मी म्हटलं, सुई.

तू चुकला नव्हतास. ऐक. बाबा बुधवारी जाताना मला म्हणाले होते, मोठं जाळं मी येईपर्यंत तयार ठेव. ते जाळं मी तीन आठवडे शिवत होते, गुरुवारी दुपारी शेवटची गाठ मारली आणि संध्याकाळी काळ्या रंगात बुडवलं. ते येतील तेव्हा वाळलेलं, घडी घातलेलं जाळं त्यांच्यासमोर ठेवायचं, असं मनात होतं. आई मावशीकडे गेली होती. तू खुणेच्या काठ्यांसाठी बांबू आणायला नदीच्या वरच्या अंगाला गेला होतास. दोन दिवस अवेळी भुरभुर पाऊस पडला होता, परसात चिखल. वारा फक्त एकाच बाजूला होता. मी विचार केला, सगळ्या बोटी धक्क्याला आहेत, बाबांची तेवढी बाहेर आहे आणि ती शनिवारी येणार. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. जाळं छपरावरून खाली सोडलं, समुद्राकडच्या भिंतीवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकल्या, मला नियम माहीत होता. मी विसरले नव्हते. मला वाटलं, एका रात्रीनं काय होतंय.

त्याच आठवड्यात मिठाच्या कोठाराला त्याच्या मालकानं चुना दिला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आपल्या घराच्या डाव्या हाताला, त्याच टेकाडावर. आता ते पडलं, त्याची जागाही कुणाला दाखवता यायची नाही. पण त्या पहाटे धुक्यातून समुद्रावरून टेकाडावर एकच पांढरी भिंत दिसत असणार, आणि ती आपली नव्हती. बाबांनी टाकीवर ती धरली आणि त्यांना वाटलं, घर आलं. मी सातच्या आसपास उठून जाळं खाली घेतलं. चांगलं वाळलं होतं. घडी घालत असताना धक्क्यावरून ओरडण्याचा आवाज आला, आणि मी पदर खोचून धावत गेले तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं, एवढं तरी खरं मान. कळलं ते धाकट्या काकांचं वाक्य ऐकताना. "ती बघा आपली भिंत," एवढं ते म्हणाले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मला सगळं कळलं. माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं की आईला निरोप पाठवा, गर्दी हलली, आणि मी ते तोंड मिटलं. त्या दिवशी सांगायला एक क्षण पुरला असता. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त बळ लागलं असतं. नवव्या दिवशी तू गाडीत बसलास तेव्हा मला वाटलं, आता परत येईल तेव्हा सांगू. आणि तू परत आलाच नाहीस. याचं सगळ्यात वाईट काय, सांगू? तू आला नाहीस याचं मला सुटल्यासारखं वाटायचं.

म्हणून मी आईला तुझी ओळ वाचून दाखवली नाही. ती "ये" म्हणाली असती. तू आला असतास, तिच्यासमोर बसून जे तू केलंच नाहीस ते कबूल केलं असतंस, आणि मला तिथं चहा घेऊन उभं राहावं लागलं असतं. मला वाटलं, आई जाईपर्यंत थांबू. म्हणजे मी तिच्या मरणाची वाट पाहत होते. हे वाक्य खरं आहे, म्हणून खोडलं नाही.

तिला वर्षभर दिसत नव्हतंच, फक्त उजेड-अंधार कळायचा. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं हात पुढे केला, मी माझा दिला. तिनं तो चाचपला. जाळ्याच्या दोरीनं माझे हात कसे झालेत तू पाहिले नाहीस, कुणाही बाप्याचे वाटतील. तिनं तळव्यावरचे घट्टे एकेक करून बोटांनी पाहिले आणि म्हणाली, "आलास का धाकल्या?" मी हात तसाच राहू दिला. तर म्हणाली, "रेतीचा कुणाला भरवसा आहे रे? आज इथं, उद्या तिथं. तू लहान होतास. मी रागावले नव्हते, तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं एवढंच. आता जाऊ नकोस." मी "नाही जात" म्हटलं. शक्य तितक्या जाड आवाजात म्हटलं. तिनं हात सोडला नाही. माझ्याच चुकीसाठी तिनं मला माफ केलं आणि ते तुझ्या नावानं केलं, आणि मी ते घेतलं. त्यानंतर तासाभरात ती गेली.

हे पत्र लिहायच्या आधी मी एक काम केलं. आज सकाळी लिलावाच्या वेळी शेडमध्ये गेले. सगळे होते. लिलाव पुकारणारीनं मला पाहून आवाज खाली घेतला, तिला वाटलं मी आईबद्दल काही सांगायला आलेय. मी सांगितलं. जाळ्यापासून सगळं, उभ्यानं, कुणाकडे न बघता. तराजूवर कोळंबी तशीच राहिली.  कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकटे काका आता ऐंशीचे आहेत, ते उलट्या टोपलीवर बसले होते. ते म्हणाले, "त्या पोराला मी धक्क्यावर सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती." हे मला माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. नंतर नातवाच्या खांद्याला धरून ते उठले आणि त्यांनी मला तुझा पत्ता मागितला. तुझ्याकडे यायचं म्हणतात. या वयात त्यांना गाडी झेपणार नाही, मी सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे सगळं तू मला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. ते मागायला तोंड नाही आणि जे आईकडून चोरून घेतलं तेवढंच मला जड झालंय. लिहितेय ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. तू विचारलंस, मी येऊ का? हा प्रश्न या दारात कुणी विचारायचाच होता तर तो तू नाही. गावाला आता खरं काय ते माहीत आहे, तू कुठल्याही रस्त्यानं, भर दुपारी, लेकीचा हात धरून येऊ शकतोस, कुणाची मान वर होणार नाही. घराची किल्ली पोस्टमनकडे ठेवलीय. मी तरीवाल्याच्या बहिणीकडे, खालच्या आळीत, माझ्या सुया आणि दोन लुगडी घेऊन राहायला चाललेय. तू ये, दार उघड, खिडक्या उघड, आईच्या खाटेवर बस. आणि मग सावकाश ठरव आणि कुणाकरवी तरी एका शब्दात निरोप पाठव, ताईनं यावं का.

ज्या नावानं तू एकतीस वर्षं पत्रं लिहिलीस ते नाव अजून माझं असेल, तर

तुझीच,
ताई